बादली कापलेला फोटो

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी सायकलची शर्यत लावली नाही. तरीही मस्कतच्या डोंगरापलीकडे, अमेरातमधल्या एका सायकल म्यूझियमच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, आणि खालच्या कार्डावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलंय की हे गृहस्थ चाळीस किलोमीटरच्या शर्यतीतले जिल्ह्याचे चॅम्पियन होते. फोटो मी दिला. मजकूरही मीच दिला. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय मी ठेवलेली नाही.

मी पाण्याचा इंजिनिअर. पावसाचं पाणी कुठून येईल आणि त्याला कुठून वाट काढून द्यायची, हे मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात बसून कागदावर काढणं हा माझा धंदा. वडील विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत व्हॉल्वमन होते. पहाटे सायकलवरून जाऊन एकेका मोहल्ल्याचं पाणी सोडायचे आणि बंद करायचे. म्हणजे घरात धंदा एकच, फक्त मी खुर्चीवर बसून करतो. हे वाक्य मी पार्टीत विनोद म्हणून कधी तरी सांगावं असं बायकोचं म्हणणं होतं. मी ते कधीच सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी इथे दोन दिवस धो-धो पाऊस पडला आणि वाद्या, म्हणजे इथले एरवी कोरडे पडलेले ओढे, भरून वाहिल्या. आमच्या ऑफिसचं ज्या खात्याशी काम चालतं, तिथून निवृत्त झालेले एक ओमानी अधिकारी अमेरातला राहतात. त्यांच्या अंगणातल्या हॉलमध्ये पाणी शिरलं. ऑफिसात सगळे त्यांना अजूनही अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक. आता ते कुणाचेच मालक नव्हते, पण जिभेला लागलेलं वळण. साहेबांनी मला आणि माझ्या एका पुण्याच्या सहकाऱ्याला सांगितलं, जाऊन बघून या, जुना माणूस आहे.

हॉलचं दार उघडलं आणि मी पाणी विसरलो. आत नुसत्या सायकली. चाळीस तरी असतील. काही छताला टांगलेल्या, काही लाकडी चौथऱ्यावर. लाकडी रिमच्या, खाली वळलेल्या हँडलच्या, बोटानं उचलाव्यात इतक्या हलक्या. काचेच्या कपाटात शर्यतीचे घामानं विटलेले शर्ट, तुटलेल्या चेन, पाठीवर बांधायचे नंबर. अर्बाब स्वतः तरुणपणी शर्यतीत उतरायचे. गुडघा गेला आणि शौक राहिला. लंगडत लंगडत ते आम्हाला एकेक सायकल दाखवत होते. सीटच्या दांड्यावरचा ओरखडा बघून ते सांगायचे, हा माणूस उंच होता, ही सायकल नंतर बुटक्यानं चालवली. हिंदी ऐकतच वाढलेला माणूस, त्यामुळे बोलणं अडत नव्हतं.

शेवटच्या भिंतीवर शर्यतवाल्यांचे फोटो होते, देशादेशांचे. मधे एक चौकोन रिकामा. अर्बाब म्हणाले, "इंडिया का कोई नहीं मिला. तुम लोग तो सब सायकिलवाले हो, कोई है तुम्हारे यहाँ?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. 'मेरे पिताजी' इथवर शब्द आलेही होते. तेवढ्यात माझा पुण्याचा सहकारी हसत मराठीत मला म्हणाला, "अरे, आपल्याकडे ते गोल गोल फिरणारे असायचे, आठवतं? सात दिवस सायकल! मैदानात आंघोळ काय, दाढी काय. रिकामटेकड्यांचा निव्वळ तमाशा!" या माणसाच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तकांची कपाटं आहेत आणि बोलताना तो ती सारखी उघडत असतो. एरवी मी त्याला सोडत नाही. त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. अर्बाब माझ्याकडे बघत होते. "हाँ, पिताजी?"

"रेस में थे," मी म्हणालो. "डिस्ट्रिक्ट चॅम्पियन. फोर्टी किलोमीटर."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण ते कुठून आलं हे मला पक्कं माहीत आहे.

मी सातवीत असताना वडिलांनी सलग सात दिवस सायकल चालवली होती. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात फक्कीनं मोठं वर्तुळ आखायचं. बांबूला ट्यूबलाइट आणि भोंगा बांधायचा. आणि माणसानं त्या वर्तुळात रात्रंदिवस सायकल फिरवत राहायचं, जमिनीला पाय न लावता. जेवण, चहा, दाढी, कपडे बदलणं, सगळं सायकलवर. भोंग्यावर एकजण सतत बोलत असतो, "आता पाचवा दिवस, बंधू-भगिनींनो, पाचवा दिवस!" लोक येतात, नारळ देतात, टॉवेल देतात, कुणी शर्टाला नोट टाचतं. वडिलांनी ते आमच्या वस्तीच्या जयंतीच्या महिन्यात केलं. गुलाबी कागदावर पत्रकं छापली होती: 'सलग १६८ तास'. ते पत्रक आईनं शाळेत मास्तरांना द्यायला माझ्याजवळ दिलं होतं. मी ते वाटेत नाल्यात टाकलं.

सगळ्यात गर्दी व्हायची ती आंघोळीला. सकाळी दहा वाजता वडिलांचा एक मित्र वर्तुळाच्या कडेला स्टुलावर उभा राहायचा, हातात तांब्या आणि शेजारी बादली. वडील चड्डीवर, एका हातानं हँडल धरून, दुसऱ्या हातानं साबण लावत यायचे. एका फेरीला एक तांब्या. पाणी नेमकं डोक्यावर पडलं की टाळ्या. चुकलं की हशा. वर्गातली पोरं ते बघून यायची आणि मला विचारायची, "लेका, तुझा बाप संडासचं काय करते बे?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. आई डबा घेऊन पाठवायची तर मी तो मैदानाच्या कोपऱ्यावर पहिल्या ओळखीच्या माणसाच्या हातात देऊन पळायचो.

सातव्या दिवशी संध्याकाळी ते उतरले. म्हणजे त्यांना उतरवलं, कारण पाय सुजून खांबासारखे झाले होते. सगळं गाव होतं. मी घरी पोट दुखतंय म्हणून पडून होतो. रात्री त्यांना खाटेवर आणलं, आई पायांना हळद लावत होती, आणि त्यांनी मला विचारलं, "तू पाह्यलं का?"

"हो," मी म्हणालो.

"कुठी उभा होतास? मले दिसला नाई."

"मागं होतो."

ते "हाव, गर्दी लय होती" म्हणाले आणि डोळे मिटले. बापाच्या बाबतीतलं माझं पहिलं खोटं ते. अमेरातमधलं दुसरं. मधल्या पस्तीस वर्षांत त्या सात दिवसांबद्दल मी त्यांना एक प्रश्नही विचारला नव्हता.

अर्बाबनी फोटो मागितला. गावच्या घरात, समोरच्या भिंतीवर तो एकच फोटो होता आणि त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. वडील सायकलवर, गळ्यात झेंडूचा हार, मागे माणसांची गर्दी. हारामुळे तो शर्यत जिंकल्यासारखाच दिसायचा. फक्त डावीकडे बादली, तांब्या आणि स्टूल होतं आणि वर भोंग्याचा अर्धा तुकडा. मी मोबाइलवर बोटानं चौकट ओढली. भोंगा गेला. मग बादली गेली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या बाजूची दोन-तीन माणसंही गेली, त्यात स्टुलावरचा मित्र होता. कापलेला फोटो मी मूळ फोटोवरच सेव्ह केला. इंजिनिअर माणूस, अर्धवट काम करत नाही.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती चिडली. "बाबांनी काय चोरी केली होती का? सरळ सांगायचं होतं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो. "इथे कोण तपासायला येतंय?"

ती म्हणाली, "मूठ तुमची नाही, त्यांची आहे." मला तेव्हा ते नुसतं टोचून बोलणं वाटलं.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात वडील दोन महिन्यांसाठी आमच्याकडे अल् घुब्राला आले. पंचाहत्तरीला टेकलेले, पण पाठ ताठ. फ्लॅटमध्ये त्यांचं मन रमेना. इथे पायी कुणी चालत नाही, भाजीलासुद्धा गाडी काढतात. ते बाल्कनीत उभे राहून सायकली मोजायचे. दिवसाला चार-पाच दिसायच्या, झगमगीत जॅकेट घातलेल्या मजुरांच्या. एकदा मला म्हणाले, "इथी सायकल फक्त आपलेच लोक चालवतात गड्या."

मग मीच सांगून बसलो. का, ते आजही नीट कळत नाही. बापाला खूश करायची हौस असेल. म्हटलं, "बाबा, तुमचा फोटो इथल्या सायकलींच्या म्यूझियमात लावलाय." ते उठून आत गेले आणि बॅगेतून वंदनेचं पुस्तक घेऊन आले. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला गुलाबी कागद होता. तेच पत्रक. एकच उरलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. म्हणाले, "हेबी देऊन टाकू त्यायले. फोटोखाली लावतील. नाही तर लोकायले कसं समजणार, का बुवा हे नेमकं काय आहे?"

मला दरदरून घाम फुटायला हवा होता. फुटला नाही, कारण मी लगेच आखणी केली. कार्ड इंग्रजी-अरबीत, वडिलांना दोन्ही येत नाही. पत्रक मराठीत, अर्बाबना ते वाचता येणार नाही. मी मधे उभा राहून इकडचं तिकडे जाऊ देणार नाही. पाणी कसं अडवायचं हे माझ्याइतकं कुणाला कळतं? फक्त माझी नऊ वर्षांची मुलगी बरोबर येतेय, हे मी धरलंच नाही. ती इंडियन स्कूलमध्ये शिकते, इंग्रजी घडाघडा बोलते आणि मराठी अडखळत. आजोबा आल्यापासून ती त्यांना दुकानांच्या पाट्या वाचून मराठीत सांगायची. तो दोघांचा खेळच झाला होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही वादी अदाईवरून डोंगर ओलांडून अमेरातला गेलो. वडिलांनी पांढरा सदरा घातला होता आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी डोकावत होती. अर्बाबनी त्यांना मिठीच मारली. "वेलकम चॅम्पियन, वेलकम!" खजूर, कहवा झाला. मग वडील सायकली बघत हिंडले आणि मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. पायडल हातानं फिरवून कान लावायचे. एका जुन्या काळ्या सायकलीपाशी उकिडवे बसून त्यांनी अर्बाबना आपल्या हिंदीत सांगितलं की हिच्या मागच्या चाकात पाणी गेलेलं आहे, बेअरिंगच्या गोळ्या बदला. ते खरं निघालं. पुरातच गेलं होतं.

फोटोपाशी आलो. वडिलांनी पिशवीतून पत्रक काढलं, हातात धरलं. आणि माझी मुलगी उत्साहानं कार्ड वाचायला लागली. "आजोबा, थांबा, मी सांगते. इथे लिहिलंय की तुम्ही... डिस्ट्रिक्टचे चॅम्पियन होता. फोर्टी किलोमीटरची रेस. तुम्ही फर्स्ट आला!" तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही!"

वडील फोटोकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बादली कुठी गेली?"

"फ्रेममध्ये बसत नव्हती, बाबा."

"हाव," ते म्हणाले. "बसत नसन."

त्यांनी पत्रकाची घडी होती तशीच घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी सदऱ्याच्या आत सरकवली. अर्बाबना काहीच कळलं नव्हतं. ते विचारत होते, कौन सी रेस थी, रास्ता कैसा था, घाट था क्या? वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. वर्गात गुरुजींनी विचारल्यावर पोरगं शेजारच्याच्या वहीत बघतं तसं ते बघत होते. मी त्या क्षणी नुसतं 'अर्बाब, एक मिनट' म्हणालो असतो तरी पुरलं असतं. वडीलच म्हणाले, "बहोत पुरानी बात है साब. याद नहीं अब."

परतताना वादी अदाईचे उघडे डोंगर बघत ते म्हणाले, एकबी झाड नाही, नवलच आहे. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. घर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या कार्डावर जे लिवलं हाये, ते मले मराठीत लिहून देशील का?"

मला वाटलं, आठवण म्हणून ठेवायचं असेल. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. घरी गेल्यावर मी वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: चाळीस किलोमीटर, जिल्हा, प्रथम क्रमांक. ज्या हातानं माफी मागायची त्या हातानं मी ती थाप शुद्ध मराठीत उतरवून दिली. त्यांनी ती वाचली, दोनदा वाचली, आणि वंदनेच्या पुस्तकात ठेवली. महिन्याभरानं ते गावी परत गेले. मुक्कामात त्या फोटोचा विषय कुणीच काढला नाही. एरवी बारीकसारीक गोष्टीवरून तोफ डागणारा मी, त्या महिन्यात घरात फार शहाण्यासारखा वागलो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्बाबचा फोन आला. दुपारी ये, एकटा ये. गेलो तर हॉलमध्ये वडिलांच्या फोटोखाली एक काळी सायकल उभी होती, फोटोतल्यासारखीच. कुठून तरी मिळवली होती. अर्बाब स्टुलावर बसले होते.

"एक बात बोलो," ते म्हणाले. "कॅरियर, स्टँड, मडगार्ड, डायनमो. इतना सब लगा के रेस कौन करता है? मैं पहले दिन से सोच रहा हूँ. वो आए तब भी पूछा नहीं. मेहमान थे."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. फक्कीचं वर्तुळ, भोंगा, तांब्या, सुजलेले पाय, आणि कापलेली बादली. हिंदी मधेच तुटत होती. या माणसापुढे मी मान खाली घालून उभा होतो आणि वाट बघत होतो की तो मला बाहेर काढेल. त्यांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! रेसवाले मेरे पास चालीस हैं. सात दिन न उतरनेवाला एक भी नहीं. तुमने मेरे को हीरा छुपा के काच दिया." मग एकामागून एक प्रश्न. झोपायचे कसे? एका हातावर टेकून? पंक्चर झालं तर? नैसर्गिक विधीचं काय? शेवटचा प्रश्न ऐकून मला सातवीतली पोरं आठवली. तोच प्रश्न, पण यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि माझं उत्तर तेच होतं. मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अर्बाबनी कार्ड फ्रेममधून काढलं, उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल धरली. "फोन लगाओ. अभी. वो बोलेंगे, मैं लिखूँगा. यल्ला."

वडिलांना आधी एकट्यानं सांगायला हवं होतं. माफी आधी मागायला हवी होती. पण मला इतकं हलकं वाटत होतं की घाई झाली. वाटलं, आता काय, ते बोलायला लागतील आणि सगळं सुरळीत होईल. मी व्हिडिओ कॉल लावला.

वडील घरीच होते, समोरच्या खोलीत. त्यांना माझ्याशेजारी अर्बाब दिसले आणि ते एकदम सावरून बसले, टोपी नीट केली. मी काही बोलायच्या आत अर्बाब आनंदानं ओरडले, "सलाम चॅम्पियन! बोलिए, सायकिल का पूरा किस्सा बोलिए!"

आणि वडील बोलायला लागले. खणखणीत आवाजात, एका दमात. "चालीस किलोमीटर का रेस था साब. जिला स्तर का. पहिला नंबर आया मेरा." अर्बाबनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन जवळ घेऊन म्हणालो, "बाबा, ते नाही. खरं सांगा. सात दिवसांचं सांगा."

"खरंच तं सांगून राह्यलो," ते म्हणाले, आणि पुन्हा अर्बाबकडे वळले. अर्बाबनी विचारलं, रेस में कॅरियर कैसे? वडील अडले नाहीत. म्हणाले, गरीब लोगों का रेस था साब, दूधवाले, पेपरवाले, सब अपने कॅरियर के साथ ही दौड़ते थे. वस्तीतल्या सगळ्या भांडणांत हा माणूस खरं बोलतो म्हणून लोक साक्षीला बोलवायचे.

तेव्हा मला त्यांच्या मागची भिंत दिसली. फोटोची फ्रेम नवी होती. आधीपेक्षा लहान. हार होता, गर्दी होती. डावीकडे बादली नव्हती. वर भोंगा नव्हता.

"बाबा, तो फोटो..." मी म्हणालो.

"कापून घेतला," ते म्हणाले. "म्यूझियमात एक आन् घरात एक, असं बरं नाई दिसत."

"आणि पत्रक? पत्रक दाखवा ना यांना."

त्यांनी मान जवळ आणली. अर्बाबना मराठी कळत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी आवाज खाली घेतला. "ते बंबात घातलं. कोणाच्या हाती लागलं असतं तं तू खोटा पडला असता. आता काही उरलं नाई, तू घोर नको करू."

अर्बाब पेन्सिल धरून थांबले होते. "क्या बोले? बेटा, अब मैं क्या लिखूँ?"

मी उत्तर देणार, एवढ्यात फोनमधून वडिलांनी हळूच विचारलं, "चाळीसच होतं ना? तुह्या कागदावर चाळीसच लिवलं हाये. पाठ केलं होतं मी. बरोबर सांगतलं ना?"

"हो बाबा," मी म्हणालो. "बरोबर सांगितलं."